सोर्स कोड नष्ट झाला, सॉफ्टवेअर चालत राहिलं: यूआय-व्ह्यू३२ कडे संशोधकाच्या नजरेतून

एकट्या माणसाने लिहिलेलं सॉफ्टवेअर असेल आणि तो माणूस वारला, तर आपण पहिलं काय विचारतो? ‘सोर्स कोड खुला आहे का?’ हो असेल तर निश्चिंत, नाही तर विषय संपला. प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. यूआय-व्ह्यू३२ हे उदाहरण मला त्यासाठीच महत्त्वाचं वाटतं.

हॅम रेडिओवाल्यांमध्ये एपीआरएस नावाची एक पद्धत आहे. बॉब ब्रुनिंगा यांनी ती विकसित केली. यात प्रत्येक स्टेशन आपलं ठिकाण, हवामानाच्या नोंदी, छोटे संदेश रेडिओवरून पाठवतं. यूआय-व्ह्यू३२ हे सगळं विंडोजच्या पडद्यावर, नकाशावर दाखवतं. ब्रिटनमधल्या रॉजर बार्कर यांनी ते एकट्याने, हौसेखातर लिहिलं. २००४ मध्ये ते गेले आणि त्यांच्याच इच्छेनुसार सोर्स कोड नष्ट करण्यात आला. २.०३ ही शेवटची आवृत्ती. म्हणजे वरच्या प्रश्नाचं उत्तर याहून स्पष्ट ‘नाही’ असूच शकत नाही. तरीही लोक पुढे कित्येक वर्षं ते वापरत राहिले. कसे काय?

माझ्या मते याचं उत्तर प्रोग्रामच्या आत नाही, त्याच्या कडांवर आहे.

नकाशांचंच बघा. नकाशा म्हणजे एक साधं चित्र आणि त्याच्यासोबत एक टेक्स्ट फाइल. त्या फाइलमध्ये वरच्या डाव्या कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश, खालच्या उजव्या कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश आणि नकाशाचं नाव, बस. नोटपॅडमध्ये लिहिता येईल इतकं सोपं. त्यामुळे लेखक गेल्यावरही आपल्या गावाचा नवा नकाशा कुणीही बनवू शकत होतं.

रेडिओशी जोडणीचंही तेच. यूआय-व्ह्यू३२ एजीडब्ल्यू पॅकेट इंजिन या वेगळ्या प्रोग्रामशी बोलू शकतं. ती बोलण्याची पद्धत इतरांना माहीत होती. पुढे आलेल्या डायरवुल्फ या मुक्त सॉफ्टवेअर मोडेमने तीच पद्धत पाळली. मग जुना प्रोग्राम नव्या मोडेमवर चालू लागला. पलीकडचा गडी बदललाय हे त्याला कळलंही नाही.

तिसरी गोष्ट माणसांची. नोंदणीची किल्ली देण्याचं काम काही स्वयंसेवक हॅम मंडळींनी पुढे चालू ठेवलं. पैसे नाहीत, त्याऐवजी कर्करोगावर काम करणाऱ्या संस्थेला देणगी द्या, एवढंच आवाहन. हे काम कुणी हाती घेतलं नसतं, तर उत्तम चालणारा प्रोग्रामही नव्या माणसाच्या उपयोगाचा राहिला नसता.

इथवर कौतुक झालं. आता दुसरी बाजू.

त्या दोन कोपऱ्यांच्या मधल्या एखाद्या स्टेशनचं ठिकाण हा प्रोग्राम चित्रावर नेमकं कसं काढतो? नकाशाचं प्रक्षेपण वेगळं असेल तर चूक किती येते? प्रयोग करून तुम्ही अंदाज बांधाल, पण कोड वाचून खात्री करून घेता येणार नाही. आत काही दोष असेल तर तो कायमचा. हौशी माणसाला हे चालून जातं, कारण ठिपका साधारण योग्य जागी दिसला की त्याचं काम भागतं. तुमचं भागणार नाही. ‘हा आकडा आला कुठून?’ असं परीक्षकाने विचारल्यावर ‘सॉफ्टवेअरने दिला’ हे उत्तर होत नाही. म्हणून बार्कर यांचा निर्णय हा त्यांचा हक्क होता हे मान्य करूनही मी म्हणेन, की संशोधनाच्या साधनाबाबत असा निर्णय घेऊ नये.

याच्या उलट पायमोल. प्रथिनांच्या त्रिमितीय रचना दाखवणारा हा प्रोग्राम वॉरेन डीलॅनो यांनी लिहिला. नोव्हेंबर २००९ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी ते अचानक गेले. २०१० च्या सुरुवातीला श्रोडिंगर कंपनीने पायमोल हाती घेतलं. खुली आवृत्तीही टिकली. इथे कोड होताच, पण तो सांभाळायला पगारी माणसं मिळाली हेही तितकंच खरं. नुसता खुला कोड स्वतःची काळजी घेत नाही.

मग माझा निष्कर्ष काय? टिकण्यासाठी कडा खुल्या हव्यात, विश्वास ठेवण्यासाठी आतलं खुलं हवं आणि दोन्हीसाठी दुसरा माणूस हवा. यातलं एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

प्रयोगशाळेत रुजू झालात की कुणी सीनियर तुम्हाला स्वतः लिहिलेला प्रोग्राम देईल. तो वारलेला नसेल, फक्त पोस्टडॉकला गेलेला असेल. पण ईमेलला उत्तर आलं नाही तर तुमच्यासाठी परिणाम तोच. त्या प्रोग्रामवर पहिलं प्रकरण उभं करण्याआधी एवढं बघा: त्यातला डेटा साध्या टेक्स्टमध्ये बाहेर काढता येतो का? कोड बदलायची आणि पुढे द्यायची परवानगी लेखी आहे का? पासवर्ड, किल्ल्या आणखी कुणाकडे आहेत? आणि तो माणूस अजून फोन उचलतोय तोवरच, दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याच्या मदतीशिवाय तो प्रोग्राम एकदा चालवून बघा. अडाल तिथे त्याला विचारा, आणि उत्तर कोडच्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवा.