पबची पारख आणि पाचवी कसोटी

इंग्लंडमध्ये गावातील पबचे परीक्षण हा एक रूढ लेखनप्रकार आहे. आपल्याकडे नाटकाचे किंवा ग्रंथाचे व्हावे, तितक्याच गांभीर्याने तेथे ते लिहिले जाते. परीक्षकाच्या कसोट्या साधारणतः चार असतात : ‘एल’ या नावाची तेथील परंपरागत बिअर, खाद्यपदार्थ, सेवा आणि वातावरण. या लेखनाचा विचार या त्रैमासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. दारूने उठवलेली घरे आपल्या धर्मग्रामांना अपरिचित नाहीत. ‘गुत्ता’ हा शब्द ऐकताच आपल्या कित्येक माउलींच्या चेहऱ्यावर सावली पडते. अशा घरांतील वाचकाने पबची स्तुती कोणत्या दृष्टीने वाचावी, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

चार कसोट्यांपैकी पहिली सर्वांत भक्कम आहे, हे प्रथमच मान्य करावयास हवे. खरी एल पिंपात भरल्यानंतरही जिवंत असते. तिच्यातील यीस्टचे काम पबच्या तळघरात चालूच राहते. तळघराचे तापमान अकरा ते तेरा अंश सेल्सिअसच्या आसपास राखणे, गाळ तळाशी बसू देणे, नळ्या वेळच्या वेळी धुणे आणि उघडलेले पिंप साधारण तीन दिवसांत संपवणे, ही सर्व निगा पबचालकाने राखावयाची असते. मोठ्या कंपन्यांनी १९६० च्या दशकात गाळून, तापवून, वायूच्या दाबाने ओतली जाणारी बिअर सर्वत्र पुढे रेटली, तेव्हा ही विद्या लोप पावते की काय अशी भीती निर्माण झाली. आयर्लंडमध्ये सुट्टीवर गेलेल्या चार इंग्रज तरुणांनी १९७१ साली तिच्या रक्षणासाठी चळवळ आरंभली. ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’, संक्षेपाने ‘कॅमरा’, या नावाने ती प्रसिद्ध पावली. १९७४ पासून तिची ‘गुड बिअर गाइड’ ही मार्गदर्शिका निघू लागली. तिचे सभासद एलला शून्य ते पाच असे गुण देतात. या गुणांकनाचा आम्हांस आदर वाटतो. कोणी पाहत नसताना तळघरात केलेले, अथवा टाळलेले, काम शेवटी पेल्यात उतरते. आळशी चालकाला तेथे लपता येत नाही.

अन्नाच्या कसोटीवर मात्र जपून विसंबावे. पाव, चीज आणि लोणच्यातील कांदा ही पबची जुनी शिदोरी. लंडनच्या क्लार्कनवेल भागात १९९१ साली ‘द ईगल’ या पबने उत्तम स्वयंपाकाचा नवा पायंडा पाडला आणि ‘गॅस्ट्रोपब’ हा शब्द रूढ झाला. अन्न सुधारले, हे चांगलेच झाले. परंतु प्रत्येक मेज जेवणाऱ्यांसाठी मांडून ठेवले, तर एक पेला घेऊन तासभर बसू पाहणाऱ्या एकट्या वृद्धाने जावे कोठे? ताटाला गुण देणारा परीक्षक हा प्रश्न क्वचितच विचारतो.

सेवेच्या कसोटीत एक सुंदर तत्त्व दडलेले आहे. इंग्रज माणूस सर्वत्र रांग लावतो. पबच्या काउंटरपुढे मात्र सहसा लावत नाही. कोण आधी आले, हे पेला भरणाऱ्याने ध्यानात ठेवावयाचे असते. नेहमीचा गिऱ्हाईक नंतर आला असेल, तर आधी आलेल्या परक्याचा मान पहिला. हा लहानसा न्याय जेथे पाळला जातो, तेथील सेवेला आम्ही हसतमुखपणापेक्षा अधिक गुण देऊ.

राहिले वातावरण. या कसोटीवरचा सर्वांत नामांकित लेख जॉर्ज ऑर्वेल यांचा आहे. ९ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये त्यांनी ‘द मून अंडर वॉटर’ नावाच्या आपल्या आवडत्या पबचे वर्णन केले आणि शेवटी असा पब अस्तित्वातच नसल्याचे सांगून टाकले. बिअरपेक्षा त्यांनी वातावरणाला अग्रस्थान दिले. तेथे रेडिओ नाही, पियानो नाही. बोलणे ऐकू येईल इतकी शांतता आहे. मागे बाग आहे आणि बागेत मुले खेळतात. मुलांना, आणि त्यांच्यामुळे आयांना, बाहेर ठेवल्याने पब निव्वळ पिण्याची जागा बनतो, कुटुंबाच्या भेटीची राहत नाही, हे ऑर्वेल यांचे निरीक्षण आपणांस सहज पटावे.

तथापि या लेखात एक पळवाट आहे. दारुडे आणि दंगेखोर या पबकडे फिरकतच नाहीत, असे ऑर्वेल सांगतात; पब आडगल्लीत आहे, म्हणून. म्हणजे त्यांच्या आदर्श पबचालकावर कोणाला नकार देण्याची वेळच येत नाही! ज्या प्रसंगी घराची खरी परीक्षा व्हावी, तोच लेखकाने वगळला आहे. आमच्या मते ही त्या लेखाची, आणि त्याच्या वळणाने लिहिल्या जाणाऱ्या अनेक परीक्षणांची, मूलभूत उणीव होय. चारही कसोट्या पैसे देणाऱ्याच्या खुर्चीतून पाहतात.

म्हणून पाचवी कसोटी हवी : ज्याच्यापासून लाभ नाही, किंवा ज्याला नाकारल्याने तोटा आहे, त्याच्याशी हे घर कसे वागते? लिंबूपाणी मागणाऱ्याकडे तेथे तुच्छतेने पाहिले जाते काय? झिंगलेल्या माणसाला आणखी एक पेला नाकारून घरी धाडण्याचे धैर्य चालकापाशी आहे काय? इंग्लंडच्या २००३ च्या परवाना कायद्यानुसार दारू चढलेल्या माणसाला जाणूनबुजून मद्य विकणे हा गुन्हा आहे. परंतु कायद्याचा शिपाई दर संध्याकाळी काउंटरपाशी उभा नसतो. तेथे चालकाची सदसद्‌विवेकबुद्धीच उभी असावी लागते.

ही कसोटी मद्यद्वेषातून आलेली नाही. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीच्या चाळिसाव्या प्रकरणात मठवासीयांना दिवसाकाठी एक ‘हेमिना’, म्हणजे अंदाजे पाव लिटर, द्राक्षारस पुरेसा मानला. इतरांसाठी माप ठरवताना त्यांना संकोचही वाटला आणि वर्ज्य करणाऱ्यांचा त्यांनी गौरवही केला. त्याच नियमाने जगणाऱ्या लेस्टरशायरमधील माउंट सेंट बर्नार्ड मठाच्या ट्रॅपिस्ट बंधूंनी दुग्धव्यवसाय सोडल्यानंतर २०१८ साली ‘टिंट मेडो’ ही एल बाजारात आणली. स्वकष्टाने उदरनिर्वाह करावा, हा त्यांचा व्रतधर्म. मद्य पवित्र की अपवित्र, या वादात ही परंपरा अडकत नाही. ती माप विचारते.

पबच्या पूर्वजांत वाटसरूला आसरा देणारी उतारशाळा आहे. शुभवर्तमानातील उतारशाळेचा रक्षक आपणांस ठाऊक आहे. चांगल्या शोमरोनीने जखमी वाटसरूला त्याच्या स्वाधीन केले आणि दोन दिनार देऊन त्याची काळजी घ्यावयास सांगितले. त्या रक्षकाच्या द्राक्षारसाची चव कशी होती, हे संत लूक सांगत नाही. परीक्षकांनी एलला गुण अवश्य द्यावेत. आपण वाचकांनी मात्र एवढे विचारावे, की या दारातून आत गेलेला माणूस आपल्या मुलाबाळांकडे कोणत्या अवस्थेत परततो. ज्या परीक्षणात याचे उत्तर नाही, ते कितीही रसाळ असले तरी अपुरेच मानावे लागेल.