एका चढणीचे पुस्तक

हायरम बिंगहॅम ह्यांचा 'लॉस्ट सिटी ऑफ द इन्काज' हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. पेरू देशातील माचू पिक्चूचे, २,४३० मीटर उंचीवरील अवशेष जगापुढे आणणारे संशोधक म्हणून लेखकाची कीर्ती आहे. ग्रंथात इन्का राजवंशाचा इतिहास आहे, मोहिमांचा वृत्तान्त आहे, तर्कही पुष्कळ आहेत. आमच्या मते मात्र हा ग्रंथ तरतो तो एका दिवसाच्या वर्णनावर. तो दिवस २४ जुलै १९११.

सकाळी थंड पावसाची भुरभुर होती. मोहिमेतील एका सोबत्याला नदीकाठी फुलपाखरे अधिक मिळतील असे वाटले, दुसऱ्याला कपडे धुवायचे होते. वर जाण्याची हौस कोणालाच नव्हती. नेहमीच्या रोजाच्या तिप्पट-चौपट, म्हणजे एक सोल, मिळणार असे कळल्यावर मेल्चोर आर्तेआगा हा तेथील रहिवासी वाट दाखवावयास तयार झाला. सोबतीला दिलेला सार्जंट कार्रास्को हा तिसरा. उरुबांबा नदीवर ओंडक्यांचा डळमळीत पूल होता. ते दोघे पादत्राणे काढून पायांच्या बोटांनी ओंडके पकडत पलीकडे गेले. लेखकमहाशय हातापायांवर रांगत, एका वेळी सहा इंच, असे सरकले. हे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. पुढे एक तास वीस मिनिटांची उभी चढण, विषारी सापांची धास्ती, अवघड जागी खाचा पाडलेल्या ओंडक्यांच्या शिड्या. हा भाग वाचताना वाचकालाही धाप लागते. येथे लेखक स्वतःला मोठे करीत नाही, म्हणून त्याच्यावर आपला विश्वास बसतो.

पण दुपारनंतर काय घडते? वर एक गवताची झोपडी लागते. तेथील माणसे पाहुण्यांना भोपळ्याच्या तुंब्यांतून गार पाणी आणि उकडलेली रताळी देतात. रिचार्ते आणि आल्वारेस ही कुटुंबे चार वर्षांपासून तेथे राहत होती, इन्कांच्याच जुन्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत पीक घेत होती. करवसुली आणि सैन्यभरती करणारे अधिकारी इतक्या उंचावर सहसा येत नाहीत, हे त्यांना सोयीचे होते. तेथून पुढे एक लहान मुलगा अवशेषांपर्यंत वाट दाखवतो. ग्रंथात तो नावाशिवाय येतो आणि नावाशिवायच जातो. ज्या नगरीत माणसे रताळी पिकवत आहेत ती 'हरवलेली' कशी, हा प्रश्न लेखकाला पडत नाही. आम्हांस तो पडतो, आणि ग्रंथाच्या नावावरच आमचा पहिला आक्षेप आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तेथील एका भिंतीवर लिसारागा हे नाव आणि १९०२ हे साल लिहिलेले होते. बिंगहॅम ह्यांनी आपल्या रोजनिशीत आगुस्तिन लिसारागा हाच माचू पिक्चूचा शोधक असल्याची नोंद केली होती. सदतीस वर्षांनी लिहिलेल्या ह्या ग्रंथात मात्र त्या माणसाला हे श्रेय मिळत नाही. नदीवर आपण रांगलो हे मोकळेपणी सांगणारी लेखणी येथेच का अडखळावी?

त्यांच्या सिद्धान्तांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. हीच इन्कांची शेवटची राजधानी विल्काबांबा, हे मत आज टिकलेले नाही. ती राजधानी एस्पिरितू पांपाच्या अरण्यात होती. बिंगहॅम १९११ सालीच तेथे पोहोचले होते आणि तिचे महत्त्व न ओळखता परतले. सापडलेल्या सांगाड्यांत स्त्रियाच बहुसंख्य, म्हणून हे सूर्यकुमारिकांचे आश्रयस्थान, हा तर्कही हाडांच्या फेरतपासणीत कोसळला: स्त्रीपुरुषांचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. माचू पिक्चू ही पाचाकुती राजाची पंधराव्या शतकातील जहागीर असावी, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात.

आमच्या वाचकांनी ग्रंथातील आणखी एक भाग अवश्य वाचावा. पर्वतांत हिंडताना बिंगहॅम ह्यांच्या हाताशी एका संन्याशाचा ग्रंथ होता. ऑगस्टिनियन संघाचे फादर आंतोनियो दे ला कालांचा ह्यांचा हा बखरवजा ग्रंथ १६३८ साली बार्सेलोनात छापला गेला. (जुन्या गोव्यात ज्यांचा भग्न मनोरा उभा आहे, तोच हा संघ.) त्यात पाण्याच्या झऱ्यावरील पांढऱ्या शिळेचे आणि तिच्या शेजारच्या सूर्यमंदिराचे वर्णन आहे. फादर मार्कोस गार्सिया आणि फादर दिएगो ओर्तिस ह्यांनी नवख्रिस्ती रहिवाशांकडून लाकडे आणवून ते मंदिर जाळले. पुढे १५७१ साली इन्का राजा तितू कुसी आजारी पडून मरण पावला, तेव्हा त्याचा दोष फादर ओर्तिस ह्यांच्यावर आला आणि त्यांना हालहाल करून मारण्यात आले. बिंगहॅम जाळपोळ आणि हत्या दोन्ही सांगतात, एकीने दुसरी झाकत नाहीत. आमच्याकडील हुतात्म्यांच्या चरित्रांत हा तोल क्वचितच आढळतो. ऑगस्ट १९११ मध्ये ती शिळा त्यांना सापडली, झऱ्यासह आणि भोवतीच्या पडक्या भिंतींसह. ती ओळखता आली ती ज्या संघाच्या माणसाने तेथे आग लावली होती, त्याच संघाच्या लेखणीमुळे.