जेनेसिस: गायकानंतर आणि गिटारवादकानंतर

जेनेसिस या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडमधून सुमारे दोन वर्षांत दोन जण बाहेर पडले. गायक पीटर गेब्रिएल गेल्याची बातमी ऑगस्ट १९७५ मध्ये आली आणि ऑक्टोबर १९७७ मध्ये गिटारवादक स्टीव्ह हॅकेटही गेला. गेब्रिएल म्हणजे बँडचा चेहरा. कोल्ह्याचे डोके आणि लाल झगा घालून तो रंगमंचावर येई, गाण्यांतली पात्रे वठवी. हॅकेट एका कडेला खुर्चीवर बसून वाजवी. म्हणून पहिल्याचे जाणे जीवघेणे आणि दुसऱ्याचे सोसण्याजोगे, असे वाटणे साहजिक होते. रेकॉर्ड लागोपाठ ऐकल्या की मात्र उलटे जाणवते. गायक गेल्यावर नाद फारसा हलला नाही, गिटारवादक गेल्यावर तो मुळातून बदलला.

याचे कारण संगीत घडवण्याच्या पद्धतीत सापडते. चार्टरहाऊस शाळेत १९६७ मध्ये जमलेला हा गट गाणी एकत्र बसून रचत असे. ‘द लॅम लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ (१९७४) या जोड-अल्बमचे जवळजवळ सगळे शब्द गेब्रिएलने लिहिले, पण संगीत मुख्यतः इतरांनी उभे केले. तो गेला तेव्हा शब्द, अभिनय आणि बासरी गेली, रचनेचा सांगाडा जागेवर राहिला. ‘अ ट्रिक ऑफ द टेल’ (१९७६) च्या वेळी गायक ठरण्याआधीच वाद्यसंगीत ध्वनिमुद्रित होऊ लागले होते. अनेकांच्या चाचण्या झाल्या आणि शेवटी ड्रमवादक फिल कॉलिन्सच गाऊ लागला. १९७१ आणि १९७३ च्या अल्बमांत त्याने एकेक गाणे मुख्य गायक म्हणून गायलेही होते. त्याचा आवाज गेब्रिएलपेक्षा स्वच्छ आणि कमी खरखरीत. गेब्रिएल पात्र होऊन गाई, कॉलिन्स ती गोष्ट सांगे. एवढा फरक सोडला, तर बारा तारांच्या गिटारी, मेलोट्रॉन या कीबोर्डचे दाट पडदे आणि विषम मात्रांचे ठेके तसेच राहिले. एक बदल मात्र कागदावर झाला: आतापर्यंत संपूर्ण बँडच्या नावे लागणारी गाणी आता ज्याची त्याच्या नावे लागू लागली. या अल्बममधल्या आठही गाण्यांवर कीबोर्डवादक टोनी बँक्सचे नाव आहे, हॅकेटचे फक्त तीनवर.

हॅकेटची कला न दिसणारी होती, म्हणूनच तिचे मोल उशिरा कळले. व्हॉल्यूम पेडलने तो सुराचा आघात पुसून टाकी, त्यामुळे गिटारचा स्वर तार छेडल्यासारखा न वाटता हवेतून उमलल्यासारखा येई. मेलोट्रॉनमध्ये तो असा मिसळे की कीबोर्ड कुठे संपला आणि गिटार कुठे सुरू झाली हे कळत नसे. ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ (१९७३) मध्ये बासरीवर आधी अलगद येऊन गेलेली सुरावट पुढे तो लांबवलेल्या स्वरांत, घाई न करता मांडतो. ती सुरावट बँक्सची, पण तिला श्वास हॅकेटने दिला. प्रोग्रेसिव्ह रॉकमधल्या सर्वांत सुंदर गिटारवादनांत ते गणले पाहिजे. नायलॉन तारांवरचे त्याचे शास्त्रीय वळणाचे वादनही बँडमध्ये दुसऱ्या कोणाकडे नव्हते. ‘विंड अँड वदरिंग’ (१९७६) च्या वेळी ‘प्लीज डोन्ट टच’ ही त्याची रचना बँडने घेतली नाही. ती त्याने १९७८ मध्ये स्वतःच्या अल्बमला नावासकट दिली.

‘अँड देन देअर वेअर थ्री’ (१९७८) मध्ये बास वाजवणाऱ्या माइक रदरफर्डने मुख्य गिटारही हाती घेतली. तो मुळात स्वरसंघ आणि लय यांचा माणूस, एकट्याने विहरणारी सुरावट हा त्याचा पिंड नव्हे. मोकळी जागा बँक्सच्या पॉलीमूगसारख्या नव्या सिंथेसायझरांनी भरली. नाद जाड झाला, पण कीबोर्ड आणि गिटार यांच्यातले सवाल-जवाब थांबले. आठ-नऊ गाण्यांच्या जागी अकरा आली, अर्थातच छोटी. त्यांतले ‘फॉलो यू फॉलो मी’ ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकावर गेले. पहिल्या दहांत पोचलेले हे बँडचे पहिले गाणे. सगळे हॅकेटच्या जाण्याने झाले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पंकनंतरच्या काळात लांबलचक रचनांची हवा ओसरली होती आणि कॉलिन्सला सोल संगीताची ओढ होती. पण त्या ओढीला अडवणारा, दुसऱ्या दिशेने ताणणारा हात आता उरला नव्हता.

‘ड्यूक’ (१९८०) मध्ये ड्रम मशीन आले आणि नादात मोकळीक आली. तरी ‘टर्न इट ऑन अगेन’ हे लोकप्रिय गाणे तेरा मात्रांवर चालते, म्हणजे जुनी विद्या सुटली नव्हती. त्याच वर्षी गेब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमवर ‘इंट्रूडर’ साठी कॉलिन्सने झांजांशिवाय ड्रम वाजवले. ध्वनिमुद्रक ह्यू पॅडम याच्या हाताखाली तिथे घडलेला, घुमून एकदम तुटणारा ड्रमचा आवाज पुढे जेनेसिसच्या ‘अबाकॅब’ (१९८१) मध्येही आला. सोडून गेलेल्याच्या ध्वनिमुद्रणातून मागे राहिलेल्यांना नवा नाद मिळाला.

१९९६ मध्ये कॉलिन्सही गेला. रे विल्सन या गायकासह ‘कॉलिंग ऑल स्टेशन्स’ (१९९७) निघाला. त्याचा आवाज खोल आणि भारदस्त होता, काहीसा गेब्रिएलच्या जवळ जाणारा. उणीव जाणवली ती ड्रमची. दोन वादक घेऊनही कॉलिन्सची सैल, झुलती लय आली नाही, गाणी जड पावलांनी चालली. ब्रिटनमध्ये अल्बम दुसऱ्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत मात्र प्रतिसाद थंड होता. तिथला दौरा रद्द झाला आणि त्या संचाने दुसरा अल्बम केला नाही.