आदिनाथ ‘आदि’, मग त्यांच्या आधीचे कोण?

मागच्या व्याख्यानानंतर जिंतूरकडच्या एका श्रोत्याने विचारलं, “सर, पहिल्या माणसाच्या आधी माणसं होती का?” हसू आलं सभेत. आम्हालाही आलं. पण घरी जाताना वाटलं, हसण्यासारखं यात काय आहे? या प्रश्नापायी लोक तुरुंगात गेले आहेत. तेव्हा आज तोच प्रश्न घेऊ.

बायबलातली गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. मराठीत ती फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाने ओवीत आणली, 1616 साली, गोव्यात. आदम, हव्वा, त्यांचे मुलगे काइन आणि हाबेल. काइनने भावाला मारलं. देवाने हाकललं, तर हा म्हणतो, जो भेटेल तो मला मारेल. आता, भेटणार कोण? पुढे त्याची बायको येते. पुढे तो नगर वसवतो. दोन-चार माणसांसाठी कुणी नगर वसवतं का हो? परंपरेचं उत्तर असं की बायको म्हणजे त्याची बहीणच, आदमला पुढे मुलंमुली झाल्या होत्या. पण फ्रान्सच्या इझाक ला पेरेरचं एवढ्याने समाधान झालं नाही. 1655 साली त्याने लॅटिनमध्ये पुस्तक छापलं: आदमच्या आधी माणसं होती, आदम हा फक्त यहुद्यांचा मूळपुरुष. पुस्तक जाळलं गेलं, त्याला अटक झाली, आणि शेवटी पोपपुढे जाऊन त्याने मत मागे घेतलं.

आता नेमगिरीकडे या. जिंतूरजवळच्या त्या लेण्यांत नेमिनाथ, पार्श्वनाथ बघायला आपण सगळेच गेलो आहोत. नेमिनाथ बाविसावे, पार्श्वनाथ तेविसावे. पहिले ऋषभनाथ, म्हणून ते आदिनाथ. त्यांचं चरित्र आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात आदिपुराणात लिहिलं. काळ राष्ट्रकूट अमोघवर्षाचा, म्हणजे आपल्याच मुलखावरच्या राजवटीचा. या ग्रंथाला ‘आदि’च्या आधीच्या माणसांची अजिबात अडचण वाटत नाही! उलट त्यांच्यावर तो तब्येतीने लिहितो. भोगभूमी होती, माणसं जोडीने जन्मत, एक मुलगा एक मुलगी, आणि तेच पुढे नवराबायको. कल्पवृक्ष हवं ते देत. मग झाडांचं तेज ओसरलं आणि एके दिवशी लोकांना आकाशात सूर्य-चंद्र दिसले. ते घाबरले. तेव्हा प्रतिश्रुती नावाच्या पहिल्या कुलकराने समजावलं, बाबांनो, हे आधीपासून होतेच, झाडांच्या उजेडात दिसत नव्हते. असे चौदा कुलकर. जिनसेन त्यांना मनूही म्हणतात. शेवटचा नाभिराय, ज्याने नाळ कापायला शिकवलं. त्याचा मुलगा ऋषभ.

मग ऋषभ पहिला कशात? असि, मसी, कृषी, विद्या, वाणिज्य, शिल्प या सहा कामांत. झाडं द्यायची थांबली, तेव्हा कष्टून खायला ज्याने शिकवलं तो आदिपुरुष. कृषी विद्यापीठाच्या गावात हे पटायला जड जाऊ नये. आम्हाला या उत्तराचं मोल फार वाटतं. इथे ‘पहिला’ म्हणजे हाडामांसाचा पहिला नव्हे, एका जगण्याच्या रीतीचा पहिला. आदमची गोष्टही अशी वाचता येते. तोही बागेतून निघाला तो घाम गाळून भाकरी खायला, आणि काइन शेतकरीच होता. बाकी हाडामांसाचं म्हणाल तर नेवाशाला प्रवरेकाठी सांकलियांना सापडलेली दगडी हत्यारं कुठल्याही पुराणाच्या शेतकऱ्याहून फार जुनी आहेत. आणि पहिला मराठी बोलणारा माणूस कोण, हे जसं सांगता येत नाही, म्हणजे आई प्राकृत बोलते आणि लेक एकदम मराठी असं कोणत्याच घरात झालं नाही, तसंच पहिल्या माणसाचं आहे.

इथे थांबलो तर जिनसेनांची आरतीच होईल. ते आम्हाला करायची नाही. ला पेरेरचं काय झालं पाहा. त्याला भूगोलाचा मेळ घालायचा होता, अमेरिकेची माणसं कुठून आली, वगैरे. पुढे दोन शतकांनी त्याच विचारातून अमेरिकेत लोक म्हणू लागले की काळी माणसं आदमची लेकरंच नव्हेत. अलेक्झांडर विंचेलचं 1880 चं पुस्तक त्याच माळेतलं. एकच आदम मानणाऱ्याला निदान सगळ्यांना भाऊ म्हणावं लागत होतं. आणि आपल्याकडे? एकाच पुरुषाचं तोंड, हात, मांड्या, पाय. एक असूनही उतरंड! म्हणजे एक मूळ मानल्याने समता येते असंही नाही.

यावर महाराष्ट्रात नेमकं बोट ठेवलं जोतीरावांनी, ‘गुलामगिरी’त, 1873 साली. ब्रह्म्याच्या मुखातून ब्राह्मण जन्मला, ठीक. पण ब्राह्मणांची मूळ आई कुठून आली, ते मनूने का लिहिलं नाही? पुन्हा तेच, काइनच्या बायकोचं कोडं. गोष्ट रचणाऱ्याने आपल्या बापाचा पत्ता तेवढा पक्का दिला आणि आईला विसरला. जिनसेन निदान विसरले नाहीत. त्यांनी जोडीच जन्माला घातली.

पण त्यांनाही हा प्रश्न लावा. आदिपुराण एकीकडे सांगतं, मनुष्य ही जात एकच, भेद पडले ते उपजीविकेमुळे. हे वाक्य आमचे जैन मित्र अभिमानाने सांगतात, सांगावंच. त्याच ग्रंथात ऋषभदेव वर्णांची घडी बसवतात तिथे कारागिरांचे दोन वर्ग येतात, स्पृश्य आणि अस्पृश्य. आम्ही पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून मागे गेलो, वाटलं आपण चुकीचं वाचतोय. नव्हतो. आता ज्याने कृषी शिकवली त्याच्याच नावावर हे लावलेलं आहे, आणि भोगभूमीतल्या त्या जोड्यांमध्ये यातलं काहीच नव्हतं, हे जिनसेन स्वतःच लिहून ठेवतात. तेव्हा जिंतूरच्या आमच्या मित्राला उत्तर असं: होती, आधी माणसं होती. आणि त्यांना अजून कुणी शिवू नको म्हणालं नव्हतं.