विस्तारकार्य, सौरदिवे आणि ग्रामीण उपजीविका : एक चिकित्सा

अध्यापन व संशोधन यांच्या बरोबरीने विस्तारकार्य हे उच्च शिक्षणाचे तिसरे अंग होय, ही भूमिका विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ मध्ये स्वीकारली. प्रत्यक्षात मात्र अनेक महाविद्यालयांत हे अंग राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरापुरते मर्यादित राहिले. या पार्श्वभूमीवर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा सौरदिव्यांचा उपक्रम अभ्यसनीय ठरतो.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान व ओडिशा येथील ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी दहा लाख दिव्यांचे उद्दिष्ट होते. विद्यार्थ्याला दिवा १२० रुपयांना मिळे. उर्वरित खर्च अनुदान व देणग्यांतून भागे. तयार दिवे वाटण्याऐवजी सुटे भाग ग्रामीण केंद्रांत नेऊन स्थानिकांना जोडणीचे प्रशिक्षण दिले गेले. वितरण व दुरुस्तीही त्यांच्याकडेच सोपविली गेली. तंत्रज्ञानाबरोबर रोजगारही गावात नेण्याची ही दृष्टी उपक्रमाचे खरे बलस्थान होय.

तथापि त्याची मर्यादाही येथेच आहे. ही मागणी बाजारातून नव्हे, तर अनुदानातून निर्माण झाली होती. उद्दिष्ट पूर्ण होताच जोडणीचे काम संपणे अपरिहार्य होते. २०१७ च्या सौभाग्य योजनेने घरोघरी वीजजोडणी नेण्यास आरंभ केल्यावर रॉकेलच्या चिमणीला पर्याय ही दिव्याची मूळ भूमिकाही क्षीण झाली. दिव्यांची संख्या मोजल्यास उपक्रम यशस्वी ठरतो. टिकून राहिलेला रोजगार मोजल्यास उत्तर इतके सोपे राहत नाही.

राजस्थानातील डुंगरपूरचे उदाहरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तेथे दिवे जोडणाऱ्या आदिवासी स्त्रियांनी २०१७ मध्ये भागधारक म्हणून 'दुर्गा' नावाने सौरपटलांचा कारखाना उभारला. येथे स्त्रिया केवळ प्रशिक्षणार्थी वा मजूर राहिल्या नाहीत. त्या उत्पादनाच्या मालक झाल्या. मालकीबरोबर हिशेब, भांडवल, गुणवत्ता व ग्राहक यांची जबाबदारीही आली. नेमक्या याच टप्प्यावर उच्च शिक्षणसंस्थेच्या दीर्घकालीन साहाय्याची खरी गरज असते.

यावरून महाविद्यालयांना घेण्याजोगा बोध स्पष्ट आहे. जोडणी-दुरुस्ती पदार्थविज्ञान विभाग शिकवू शकेल. परंतु हिशेबलेखन व बाजारपेठेचे सर्वेक्षण वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांवाचून, तर बचतगटांतील निर्णयप्रक्रियेचे आकलन समाजशास्त्रावाचून अपुरे राहील. ऊर्जाविषयक विस्तारकार्य म्हणूनच आंतरविद्याशाखीय असावयास हवे. त्याचे मूल्यमापनही शिबिरांच्या संख्येवर नव्हे, तर अनुदान संपल्यानंतर गावात किती कौशल्य, किती उत्पन्न आणि किती मालकी शिल्लक राहिली, यावर व्हावे. अन्यथा अहवाल पूर्ण होईल. गाव मात्र पुढील योजनेची वाट पाहत राहील.