‘पिशवी काढली’ म्हणजे नेमकं काय काढलं?

बीडच्या ऊसतोड महिलांवर कुणीही लिहायला बसलं की एक आकडा येतोच. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली 2019 मध्ये नेमलेल्या समितीच्या पाहणीत 82,309 महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे जवळपास 17 टक्के. आकडा हादरवणारा आहे, त्यावर वाद नाही. माझा आक्षेप आहे तो पुढे कसा वापरला जातो त्याला. ‘शस्त्रक्रिया झाली: हो/नाही’ असा एक रकाना करायचा आणि अख्खं विश्लेषण त्यावर उभं करायचं!

गावात ‘पिशवी’ म्हणतात. ऐकताना वाटतं, खुंटीवरची पिशवी उतरवली, झालं. पण गर्भाशय असं एकटं टांगलेलं नसतं. पुढे मूत्राशय अगदी लागून, मागे गुदाशय. बाजूने येणारी गर्भाशयाची धमनी मूत्रवाहिनीच्या वरून जाते, गर्भाशयमुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवर. मेडिकलची पोरं हे ‘पुलाखालचं पाणी’ म्हणून लक्षात ठेवतात: पूल म्हणजे धमनी, पाणी म्हणजे मूत्रवाहिनी. धमनी बांधताना खालची नळी टाक्यात सापडली तर त्या बाजूचं मूत्रपिंड तुंबतं. मूत्राशयाला भोक पडून ते राहून गेलं, तर लघवी योनीमार्गातून गळत राहू शकते.

अंडाशयाचा मुद्दा तर याहून मोठा. त्याला रक्त दोन वाटांनी मिळतं: एक थेट महाधमनीकडून, दुसरी गर्भाशयाच्या धमनीच्या फांदीतून. गर्भाशय काढलं की दुसरी वाट बंद. त्यामुळे अंडाशयं जागेवर ठेवली तरी रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. दोन्ही काढली तर ती लगेच येते आणि हाडं विरळ व्हायला लागतात. पस्तिशीतली बाई, जिला पुढची कित्येक वर्षं डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकवर चढायचंय, तिच्यासाठी हा फरक केवढा आहे बघा. आपल्या तक्त्यात मात्र दोघीही नुसत्या ‘हो’.

मग ‘ऑपरेशननंतर कंबर दुखते’ हे उत्तर कशाचं धरायचं? मोळीचं, हाडांचं, की मूत्रवाहिनीचं? कंबर ऑपरेशन न झालेल्या बाईचीही दुखतेच. तेव्हा दुखणं एकाच कुशीत आहे का, लघवी गळते का, एकदम अंगाची आग होऊन घाम फुटतो का, हे वेगवेगळं विचारा. अंडाशयं काढली का, हे बाईला बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड मागा. कार्ड नसेल तर तिथे ‘माहीत नाही’ लिहा, ‘नाही’ लिहू नका.