घोषणेची झीज आणि साहित्याचे कार्य

एकच उद्दीपन पुनःपुन्हा मिळाले की त्याला मिळणारा प्रतिसाद मंदावतो, हा जीवमात्राचा धर्म आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत शिरलेला नवखा माणूस शिंका-खोकल्याने बेजार होतो; तेथे वर्षानुवर्षे राबणाऱ्या बाईला तो उग्र दर्प जाणवेनासा होतो. तंबाखूचा खकाणा मात्र तिच्या छातीत जातच असतो. संवेदना बोथट झाली म्हणून इजा थांबत नाही.

शब्दांचेही असेच आहे. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावला भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हा त्या शब्दांना धार होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणी तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. तो दिवस सीमाभागातील मराठी माणूस दरवर्षी काळा दिन म्हणून पाळतो. मागणी तीच, शब्दही तेच. पुण्या-मुंबईचा श्रोता ते ऐकून आज टाळी देतो, पण अस्वस्थ होत नाही.

याबद्दल घोषणेला दोष देणे अन्यायाचे होईल. अनेक कंठ एकत्र बांधावयाचे तर तिला तीच ती राहणे भाग असते. परंतु साहित्यही जेव्हा घोषणेचीच यमके जुळवीत बसते, तेव्हा ते आपले कार्य सोडून देते. सवयीने दिसेनाशी झालेली वस्तू अनोळखी करून पुन्हा दाखविणे हे कलेचे कार्य, असे रशियन समीक्षक व्हिक्टर श्क्लोव्हस्की याने १९१७ साली प्रतिपादिले.

निपाणीत पिठाची गिरणी चालवीत लेखन करणारे महादेव मोरे (निधन २०२४) यांच्या कथांत या विचाराचा प्रत्यय येतो. तंबाखू-कामगार बाया, ड्रायव्हर, गॅरेजमधील पोरे यांना त्यांनी कानडीच्या शेजाराने घडलेल्या मराठी बोलीसह कथेत आणले. ही बोली वाचताना वाचक क्षणभर अडखळतो, आणि अडखळतो म्हणूनच लक्ष देऊन ऐकतो. या भागातील मराठीपणाची साक्ष त्याला येथे बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून मिळते. अर्थात, बोलीही केवळ चवीपुरती पेरली तर तिचाही साचा होतो. दर खेपेस एका विशिष्ट माणसापर्यंत पोहोचणे, एवढाच त्यावर उपाय आहे.

संमेलनांनी ठराव अवश्य करावेत. परंतु सीमाभागातील लेखकांची पुस्तके छापली, वाचली आणि चर्चिली जात नाहीत, तोवर ठरावामागील माणूस उर्वरित महाराष्ट्राला ऐकू येणार नाही.